दुसऱ्यांच्या संसाराचे पक्षकार

हल्ली आपल्या घरोघरी एकाच वेळी दोन संसार चाललेले असतात. एक आपला स्वतःचा. त्यात दूध नासते, विजेचे बिल भरावयाचे राहून जाते आणि कोणाचे कोणाशी चार-चार दिवस नीट बोलणे नसते. दुसरा संसार दिवेलागणीच्या सुमारास दिवाणखान्यातील चौकोनात सुरू होतो व रात्रीची पाने उचलली गेली तरी आटोपत नाही. पहिल्या संसाराविषयी घरातील माणसे जपून बोलतात. दुसऱ्याविषयी मात्र सर्वांची मते ठाम असतात. तिने नवऱ्याला क्षमा करावी की करू नये, मुलीने जुन्या मित्राला वरावे की नव्या पाहुण्याला, सासूने सुनेची बाजू घेतली ती मनापासून की कावेबाजपणाने, या प्रश्नांवर जेवताना जी खडाजंगी उडते ती ऐकून एखाद्या परक्या गृहस्थास वाटावे की, या घरात खरोखरीच कोणाचे लग्न मोडत आहे.

शहाणी माणसे या प्रकाराला वेड म्हणतात. जी माणसे मुळात अस्तित्वातच नाहीत त्यांचे जमले काय आणि मोडले काय, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. पण बिनतोड असूनही त्याला कोणी भीक घालीत नाही. त्या अर्थी या वेडाच्या मुळाशी तर्काच्या हाती न लागणारे काही तरी असले पाहिजे. ते काय असावे, याचा विचार या महिन्यात वाचकांसमवेत करावयाचा आहे.

कॉलेजात जाणारी माझी पुतणी या पक्षपाताला ‘शिप करणे’ असे म्हणते. अमका व अमकी यांचे जमावे असे ज्याला मनापासून वाटते, तो त्या जोडीला ‘शिप’ करतो. या शब्दाचा जहाजाशी काही संबंध नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत ‘द एक्स-फाइल्स’ नावाची एक मालिका सुरू झाली. तीत मल्डर व स्कली हे दोन सरकारी तपास-अधिकारी, एक पुरुष व एक स्त्री, गूढ प्रकरणांचा छडा लावीत हिंडतात. त्या दोघांचे प्रेम जुळावे अशी आस लागलेल्या प्रेक्षकांनी ‘रिलेशनशिप’, म्हणजे नातेसंबंध, या शब्दावरून स्वतःस ‘रिलेशनशिपर’ म्हणवून घेतले. पुढे शब्दाचे शेपूट तेवढे राहून ‘शिपर’ झाले. सत्यभामेला नुसते भामा म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. गमतीची गोष्ट अशी की, या दोघांनी प्रेमाच्या भानगडीत न पडता आपले काम करावे, अशा मताचाही एक पक्ष तेथे होता व त्याने आपणांस ‘नोरोमो’, म्हणजे ‘रोमान्स नको’, असे नाव घेतले होते. आपल्या पंगतीत जे दोन तट पडतात तेच सातासमुद्रापलीकडेही पडले. फरक एवढाच की, त्यांनी तटांना नावे दिली आणि आपण एकमेकांना नावे ठेवतो.

शब्द नवा असला तरी गोष्ट मात्र जुनी आहे. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे आपल्याकडील पुष्कळ घरांतील मुलींना परिचित झालेली लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची कादंबरी घ्या. तिचा पहिला भाग १८६८ मध्ये निघाला. त्यात ज्यो ही मनस्वी, लिहिण्याचे वेड असलेली मुलगी आणि शेजारचा लॉरी यांची निर्मळ मैत्री रंगविली आहे. पुस्तक हातोहात खपले आणि वाचणाऱ्या मुलींची पत्रे लेखिकेकडे येऊ लागली. सर्वांचा प्रश्न एकच: या मुलींची लग्ने कोणाशी होणार? ज्यो लॉरीचीच ना? अल्कॉटबाई स्वतः अविवाहित होत्या. स्त्रीच्या आयुष्याला लग्नाशिवाय दुसरे प्रयोजनच नाही, असे धरून चालणाऱ्या या प्रश्नाचा त्यांना वीट आला. कोणालाही खूष करण्यासाठी आपण ज्योचे लग्न लॉरीशी लावणार नाही, असा त्यांनी निश्चय केला व १८६९ मध्ये निघालेल्या दुसऱ्या भागात तो तडीस नेला. लॉरी धाकट्या ॲमीला मिळाला आणि ज्योच्या वाट्याला एक प्रौढ, गरीब, प्रेमळ प्राध्यापक आले. या गोष्टीला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. पण ज्योवर अन्याय झाला असे मानणाऱ्या वाचिका अजूनही भेटतात.

येथे लेखिका नमली नाही. कधी कधी नमावे लागते. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेत तुलसीचा पती मिहीर अपघातात दगावल्याचे दाखविले, तेव्हा घरोघरच्या प्रेक्षकांनी अक्षरशः सुतक पाळावयाचे तेवढे बाकी ठेवले. इतका गहजब झाला की, मिहीर जिवंत आहे असे दाखविण्यावाचून वाहिनीला गत्यंतर उरले नाही. सत्यवानाला परत आणण्यास सावित्रीला यमाच्या मागे जावे लागले होते. येथे ते काम प्रेक्षकांनी केले.

आता कोणी म्हणेल की, ही सारी अलीकडची व पाश्चात्त्य वळणाची थेरे आहेत. आपल्या परंपरेत असे नव्हते. ज्याने थोडेसे संस्कृत वाचले आहे त्याला असे म्हणता येणार नाही. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलेच्या आख्यानात अंगठीही नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तेथे दुष्यंत तिला पुरता ओळखतो आणि भर सभेत जाणूनबुजून नाकारतो. आकाशवाणी होते तेव्हा कोठे तिचा स्वीकार करतो. कालिदासाला ही जोडी अशा रीतीने जुळलेली पाहवली नसावी. त्याने शाप आणला, अंगठी आणली, ती पाण्यात पाडून मत्स्याच्या पोटी घातली, राजाला पश्चात्तापाने पोळून काढले आणि मग मारीचाच्या आश्रमात दोघांची भेट घडविली. दुष्यंत शकुंतलेला योग्य व्हावा म्हणून कवीने एवढा खटाटोप केला. आजच्या मुलींच्या भाषेत बोलावयाचे तर कालिदासाने ही जोडी ‘शिप’ केली!

भवभूतीने तर याहून मोठे साहस केले. आपल्या विदर्भातील पद्मपूर हे त्याच्या घराण्याचे गाव. काळ सुमारे आठव्या शतकाचा. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता अखेर धरणीच्या पोटात जाते, हे तेव्हाही लहान मुलास ठाऊक होते. तरी भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात राम-सीतेचे मीलन घडविले. ते कसे घडविले ते मात्र नीट पाहण्यासारखे आहे.

गंगेच्या काठी वाल्मीकीने रचलेल्या नाटकाचा प्रयोग आहे. अप्सरा भूमिका करीत आहेत. राम, लक्ष्मण आणि सारे पौरजन प्रेक्षक म्हणून बसले आहेत. नाटकात टाकून दिलेल्या सीतेचे दुःख दिसू लागताच राम भान हरपून हाक मारतो. हे नाटक आहे, अशी आठवण लक्ष्मणाला द्यावी लागते. थोड्या वेळाने राम मूर्च्छित पडतो. पहिल्या अंकात याच्या उलट घडलेले असते. तेथे भूतकाळातील प्रसंगांची चित्रे पाहताना शूर्पणखेला पाहून सीता घाबरते आणि हे केवळ चित्र आहे, म्हणून राम तिची समजूत घालतो. जो दुसऱ्याला ‘हे चित्र आहे’ म्हणून सांगतो, त्याच्यावरच पुढे ‘हे नाटक आहे’ असे ऐकून घेण्याची पाळी येते. मालिका पाहताना डोळे पुसणाऱ्या आजीबाईंना हसणाऱ्या गृहस्थांनी हे लक्षात ठेवावे. प्रभु रामचंद्रासही नाटक पाहताना नाटकाचा विसर पडला, असे कवीने दाखविले आहे. मग आपली काय कथा?

पण खरा मुद्दा याच्याही पुढे आहे. त्या प्रयोगाला बसलेले पौरजन कोण? ज्यांच्या कुजबुजीमुळे सीतेला वनात जावे लागले, तेच अयोध्येचे लोक. नाटक आटोपत आले असता वसिष्ठपत्नी अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते, तिच्या स्पर्शाने राम सावध होतो, आणि अरुंधती त्या जमलेल्या लोकांना खडे बोल सुनावून विचारते की, आता तुमचे म्हणणे काय? लोक शरमतात आणि सीतेला वंदन करतात. राजाज्ञेने जे झाले नाही, अग्निदिव्याने जे झाले नाही, ते एका नाटकाने केले. ज्या जिभांनी सीतेचा संसार मोडला त्याच जिभा तिचा संसार जुळावा असे म्हणू लागल्या. माझ्या समजुतीप्रमाणे, गोष्टीतील जोडप्याची बाजू घेण्यात जो काही अर्थ आहे तो येथे आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने या गोष्टीची मीमांसा फार सूक्ष्मपणे केली आहे. रंगभूमीवरील रती किंवा शोक हा त्या एका नायकाचा किंवा नायिकेचा राहत नाही, तो सर्वांचा होतो, यास भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ असे नाव दिले. मालिकेतील आसावरी ही कोणा एका कुळातील बाई राहत नाही. तिच्या ठिकाणी आपली आई, आत्या, शेजारीण दिसू लागते. सहस्र वर्षांपूर्वी काश्मिरात होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने रसास्वादाला आड येणारी सात विघ्नेही सांगितली आहेत. स्वतःच्याच सुखदुःखात माणूस गुरफटून जाणे, हे त्यांपैकी एक. म्हणजे प्रेक्षकाने गोष्टीत शिरावे. परंतु शिरताना आपल्या मनातील जुने हिशेब बरोबर नेऊ नयेत. ज्याला आपल्या सुनेचा राग मालिकेतील सुनेवर काढावयाचा आहे, तो मालिका पाहतच नाही. तो आपले गाऱ्हाणेच पुन्हा उगाळीत बसलेला असतो.

मालिकेच्या बाबतीत एक अडचण मात्र भरतमुनींना माहीत नव्हती. नाटकाला पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बीज रुजते, वाढते, हाती लागते न लागते असे होते, विघ्न येते आणि अखेर फळ मिळते. चार घटकांत हा प्रवास आटोपतो आणि प्रेक्षक तृप्त होऊन घरी जातो. दैनंदिन मालिकेला निर्वहण परवडत नाही. निवडक घरांतील संचांना मोजयंत्रे लावून कोणती मालिका किती लोकांनी पाहिली याचा आकडा दर आठवड्यास काढतात व त्यावर जाहिरातींचा दर ठरतो. लोक पाहत आहेत तोवर गोष्ट संपविणे म्हणजे चालते दुकान बंद करणे होय. ‘चार दिवस सासूचे’ ही मराठी मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली व तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. सासूचे चार दिवस एवढे लांबले, तेव्हा सुनेचे कधी यावयाचे, असा प्रश्न कोणासही पडावा. अशा ठिकाणी गोष्ट गर्भ आणि विमर्श यांच्यामध्येच येरझारा घालीत राहते. जोडपे जुळत आले की मोडावयाचे, मोडले की जुळवावयाचे. विरह हा येथे रस नसून भांडवल असतो. प्रेक्षक चिडतो तो बहुधा यामुळे. आपल्या प्रामाणिक कळवळ्याचा कोणी व्यापार करीत आहे, हे त्याला आतून जाणवत असते.

तरीही या मालिका आपल्या घरात काही काम करून जातात, हे मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका सुरू झाली. तीत आसावरी ही प्रौढ विधवा, कडक शिस्तीचे सासरे आणि लाडावलेला मुलगा यांच्या सेवेत आयुष्य घालविते. तिची सून शुभ्रा हिच्या ध्यानात येते की, या बाईला स्वतःचे असे काही उरलेलेच नाही. आणि ती सून पुढाकार घेऊन सासूचे लग्न अभिजित राजे या गृहस्थाशी लावून देते. आमच्या घरी या लग्नावरून सरळ दोन तट पडले होते. धाकट्या पिढीला त्यात वावगे वाटत नव्हते. माझ्या धाकट्या बंधूंचे म्हणणे, “मुलाचं लग्न झाल्यावर आईनं बोहल्यावर चढायचं म्हणजे काय?” आमची सूनबाई म्हणाली, “काका, मुलाचं झालं म्हणूनच. आता तरी तिचं कोण बघणार?” वाद रंगला. माझी आई, तेव्हा ऐंशी उलटलेली, माळ ओढीत नेहमीच्या खुर्चीवर बसली होती. तिने या वादात भाग घेतला नाही. सारे उठून गेल्यावर ती मला म्हणाली, “अरे, आमच्या वन्संना असं कुणी विचारलंच नाही.”

वन्सं म्हणजे माझी आत्या. चोविसाव्या वर्षी कपाळ पुसून ती माहेरी आली आणि पुढे एक्केचाळीस वर्षे आमच्याच घरी राहिली. आम्हा सर्व भावंडांचे न्हाऊमाखू, पापड-कुरडया, बाळंतपणे, आजारपणे तिने काढली. तिला कोणी छळले नाही, उणा शब्द बोलले नाही. घरात तिला मान होता. परंतु ‘तुला काय हवे’ हा प्रश्न त्या एक्केचाळीस वर्षांत तिच्यापुढे कोणी ठेवला नाही. आई म्हणाली, “विचारलं असतं तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या बहुधा. पण विचारायला हवं होतं.” ही गोष्ट आईच्या मनात किती वर्षे असेल, कोण जाणे. ती बाहेर पडण्यास एका कल्पित बाईचे कल्पित लग्न निमित्त झाले. खऱ्या वन्संविषयी आमच्या घरात असा वाद होणे शक्यच नव्हते. आसावरीविषयी तो झाला, कारण ती कोणाचीच कोणी लागत नव्हती.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस हे विशेष पटेल. जेथे दहा माणसे एका छपराखाली नांदतात तेथे प्रत्येक गोष्ट उघड बोलून चालत नाही. बोलल्या शब्दाने घर दुभंगते. म्हणून आपण आपली मते गोष्टीतल्या माणसांच्या पदरी बांधतो. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका २०१९ च्या अखेरीस सुरू झाली व २०२४ मध्ये संपली. पंचवीस वर्षे संसार केलेल्या अरुंधतीला नवऱ्याचे दुसरीकडे गुंतणे उमगते, ती घटस्फोट घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते आणि पुढे आशुतोष या जुन्या स्नेह्याशी विवाह करते. त्या दिवसांत ‘अरुंधतीने दुसरे लग्न करू नये, एकटीने ताठ राहावे’ असे म्हणणाऱ्या बायका होत्या आणि ‘करावे, तिलाही कोणी सोबती हवाच’ असे म्हणणाऱ्याही होत्या. या दोन्ही बाजूंच्या बायका आपापल्या जन्माविषयीच बोलत होत्या, हे चाणाक्ष माणसाला ऐकू येत होते. त्या मालिकेच्या नायिकेला अरुंधती हेच नाव मिळावे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. भवभूतीच्या अरुंधतीने लोकांना विचारले होते. या अरुंधतीने घराघरांना विचारले.

हे काही आजचेच नव्हे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली, तेव्हा यमूच्या हालांनी अनेकांची झोप उडविली. १८९९ मध्ये देवलांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात पडणारी ती मुलगी सुटावी व तिला तरुण कोदंड मिळावा, असे प्रेक्षागृहातील कोणास वाटले नसेल? ज्यांच्या घरी स्वतःच्या मुलींविषयी वेगळा विचार चालला होता, अशांनाही त्या तीन-चार घटकांपुरते तसे वाटलेच असेल. बालविवाहास बंदी करणारा कायदा १९२९ मध्ये झाला. नाटकाने कायदा होत नाही, हे खरे. पण कायदा मानण्याइतके मन मऊ करण्याचे काम नाटक-कादंबऱ्या आधी करून ठेवतात.

असे असले तरी या पक्षपाताला दोन मर्यादा आहेत व त्या सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली ही की, पात्र वेगळे आणि नट वेगळा. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिका चालू असता अरुण गोविल व दीपिका चिखलिया यांच्या लोक पाया पडत. त्यात भाबडेपणा होता, पण अपाय नव्हता. निळू फुले यांच्यासारख्या सज्जन, समाजकार्यात रमलेल्या माणसाकडे मात्र खेड्यापाड्यांतील बायका खऱ्या रागाने पाहत. त्यांनी ती आपल्या कामाची पावती मानली, हा त्यांचा मोठेपणा. आज तो राग नुसता डोळ्यांत राहत नाही. हातातल्या यंत्रावरून खलनायिकेचे काम करणाऱ्या मुलीला चार ओळींची शिवी क्षणार्धात पाठविता येते. आपल्या आवडत्या जोडप्यात बिब्बा घातला तो कथेतील बाईने. तिचे काम करणारी मुलगी रात्री दमून घरी जाते आणि तिलाही आईबाप असतात. दुसरी मर्यादा लेखकाची. त्याला पत्र जरूर लिहावे, रागवावे, मालिका पाहणे बंद करावे. पण शेवट त्याचा त्याला करू द्यावा. अल्कॉटबाईंनी मुलींचे ऐकले असते तर ज्योचे लग्न गोड झाले असते. पण मग दीडशे वर्षे तिच्याविषयी कोणी भांडत बसले नसते.

या दोन्हींहून मोठी कसोटी निराळी आहे. आमच्याच आळीत पन्नाशी उलटलेल्या एक बाई राहतात. पती निवर्तल्यावर बारा वर्षे एकट्याने दोन मुलींचे शिक्षण व लग्ने त्यांनी उरकली आणि मध्यंतरी एका विधुर गृहस्थाशी नोंदणी-पद्धतीने विवाह केला. आसावरीच्या लग्नात ज्या घरांना आनंदाचे भरते आले होते, त्याच घरांतून या बाईंविषयी कुजबूज सुरू झाली. “या वयात?” “मुलींच्या सासरी काय वाटेल?” “आधीपासूनच असणार काही तरी.” पडद्यावरची विधवा आपण बोहल्यावर चढविली, आळीतली मात्र जिन्यात दिसली की दार लोटून घेतले. आमच्या आईच्या कानावर हे आले, तेव्हा तिने कपाटातून खण काढला, नारळ घेतला आणि निघाली. सूनबाई म्हणाली, “आजी, दोन जिने आहेत. कशा चढणार तुम्ही?” आई म्हणाली, “आसावरीच्या लग्नाला रोज संध्याकाळी न चुकता हजर होते मी. ही तर आपल्या आळीतली. हिच्याकडे जायला दोन जिने जड झाले का?” नातवाचा हात धरून ती गेली व त्या बाईंची ओटी भरून आली. विधवेने ओटी भरावी की नाही, हा प्रश्न कोणाच्या तोंडावर आला असेल तर तो तेथेच विरला. त्यानंतर आळीतील आणखी दोन-तीन दारे उघडली, असे मी ऐकतो.

अयोध्येचे लोक नाटकाला आले होते ते सीतेची निंदा करणारे, आणि उठले ते तिला नमस्कार करणारे. नाटक पाहून उठताना माणूस बसल्या वेळचाच राहिला तर त्याचे अश्रू वाया गेले. कल्पित जोडप्याविषयी आपल्याला वाटणारा कळवळा खोटा नसतो. तो खराच असतो, कित्येकदा आपल्या उघड मतांहूनही खरा असतो. फक्त तो चुकीच्या पत्त्यावर जाऊन पडतो. तेथून तो उचलून योग्य घरी नेऊन पोहोचविणे एवढेच आपले काम.

म्हणून मालिका पाहू नका, असे मी सांगणार नाही. पाहा, भांडा, आपापल्या जोड्यांची तरफदारी करा. परंतु ती चालू असता घरातील कोणी तरी बाई बहुधा स्वयंपाकघरात पोळ्या लाटीत असते व संवाद नुसते कानांनी ऐकून साऱ्या गोष्टीचा माग ठेवीत असते. तिचे मत कोणी घेतलेले नसते. आज जाहिराती लागल्या की उठून आत जावे, लाटणे तिच्या हातून घ्यावे आणि विचारावे: “तुझं काय म्हणणं? तिनं काय करावं?” आणि ती उत्तर देऊ लागली की मध्ये बोलू नये. उत्तर कदाचित मालिकेविषयी नसेल.